चार महिन्यांत ईआरपी होईल का? फाउंड्रीतल्या एका प्रोजेक्ट लीडला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत फाउंड्री (धातू ओतून कास्टिंग बनवणारा कारखाना) आणि शेजारीच मशीन शॉप, दोन्हींत मिळून सव्वादोनशे माणसं. हिशेब टॅलीत, स्टोअर, प्रॉडक्शन आणि जॉबवर्क (बाहेरच्यांकडून करून घ्यायचं काम) एक्सेलमध्ये. ईआरपी, म्हणजे सगळ्या खात्यांचं काम एकाच ठिकाणी चालवणारं सॉफ्टवेअर, त्याचं पॅकेज ठरलं, व्हेंडर ठरला. त्यानं सोळा आठवड्यांचा प्लॅन पाठवलाय: नोव्हेंबरअखेर किक-ऑफ, 1 एप्रिलला गो-लाइव्ह (नवी सिस्टिम प्रत्यक्ष चालू). विचारणारे पीपीसीत (उत्पादनाचं नियोजन आणि नियंत्रण) आहेत आणि रोजचं काम सांभाळून त्यांना प्रोजेक्ट लीडही केलंय. त्यांचं म्हणणं, "हे चार महिन्यांत होईल का? आणि प्लॅन बरोबर आहे की नाही हे मी कशावरून ओळखू?"

मी स्वतः सहा वर्षं पीपीसीत होतो आणि गेली एकोणीस वर्षं ईआरपी बसवण्याच्या कामात आहे, बहुतेक मशीन शॉप आणि फाउंड्रीत. त्यामुळे तुमच्या खुर्चीत बसून पाहिलंय आणि व्हेंडरच्या खुर्चीतही.

सॉफ्टवेअर सोळा आठवड्यांत उभं राहील, त्याची काळजी करू नका. अडचण अशी की व्हेंडरच्या प्लॅनमध्ये व्हेंडरच्या माणसांचे दिवस मोजलेत, तुमच्या माणसांचे नाहीत. त्या एक्सेलमध्ये 'मास्टर डेटा – क्लायंट' (मास्टर म्हणजे आयटम, पार्ट्या, वजनं यांच्या मूळ याद्या) अशी एक ओळ असेल आणि 'यूजर टेस्टिंग – 2 आठवडे' अशी दुसरी. बाकी सगळ्या ओळींत कुठला कन्सल्टंट किती दिवस ते लिहिलेलं असेल. या दोन ओळींसमोर नुसतं 'क्लायंट'.

तो क्लायंट म्हणजे कोण ते कागदावर लिहून काढा. स्टोअरचे काका, डिस्पॅचवाला, अकाउंटंट आणि तुम्ही, असे चौघं धरू. प्रत्येकानं रोज अर्धा दिवस दिला तर आठवड्याचे तीन दिवस, चौघांचे बारा, सोळा आठवड्यांचे 192 दिवस. हे दिवस आणायचे कुठून? काका आज मोकळे नाहीत, सकाळी नऊला गेटवर तीन गाड्या उभ्या असतात. मग होतं असं, की दिवसा जीआरएन (आलेल्या मालाची पावती) आणि संध्याकाळी सहानंतर मास्टर. दोन आठवडे उत्साह टिकतो, तिसऱ्या आठवड्यात काका म्हणतात, "साहेब, उद्या बघू की." जानेवारी संपतो तेव्हा तुमच्या प्लॅनमध्ये सगळं हिरवं दिसतं आणि आयटम मास्टर अर्धा.

म्हणून मालकांकडे आधी तारखेवरून वाद घालू नका. माणसं मागा. "साहेब, डिसेंबरपासून स्टोअरला एक डिप्लोमावाला ट्रेनी द्या, डिस्पॅचला एक हाताखाली द्या आणि पीपीसीचं रोजचं शेड्यूल दुसऱ्या कुणाकडे सोपवा." लक्षात घ्या, ट्रेनीनं रोजचं जीआरएन करायचं आणि काकांनी ईआरपीत बसायचं. उलटं केलंत, म्हणजे नव्या पोराला मास्टर भरायला बसवलंत, तर फसलात. का ते पुढे सांगतो. मालक या तीन गोष्टींना हो म्हणाले तर तारखेवर बोलता येईल. "आहेत त्यात ॲडजस्ट करा" म्हणाले, तर चार महिने विसरा आणि तसं त्याच बैठकीच्या मिनिट्समध्ये लिहून ठेवा.

आता 1 एप्रिल. मालकांना आणि सीएंना ही तारीख आवडते, कारण वर्ष नवं, बिलाची सिरीज नवी, ओपनिंग बॅलन्स स्वच्छ. पण मार्चचे शेवटचे दहा दिवस तुमच्याकडे काय असतं ते आठवा. गिऱ्हाईक वर्षअखेरचा माल ओढतं, डिस्पॅच रात्री अकरापर्यंत, अकाउंट्स क्लोजिंगमध्ये, आणि त्यातच ऑडिटसाठी स्टॉक मोजणी. ज्या चौघांवर प्रोजेक्ट उभा आहे, तेच चौघं त्या पंधरवड्यात सगळ्यात जास्त पिळले जातात. शिवाय 31 मार्चचे आकडे ऑडिटमध्ये पुढे कित्येक महिने हलत राहतात, त्यामुळे ओपनिंग बॅलन्स नंतर दुरुस्त करावे लागतातच. मग स्वच्छ ओपनिंगचा फायदा उरला कुठे?

वर्षाच्या मधे सुरू केलेलं चालतं. फक्त महिन्याच्या 1 तारखेलाच करा, म्हणजे एका महिन्याचं जीएसटीआर-1 (विक्रीचं जीएसटी विवरणपत्र) दोन सिस्टिमांत तुटणार नाही. बिलांचे नंबर सिरीजमध्ये ओळीनं यावेत, प्रत्येक नंबर आर्थिक वर्षात एकदाच यावा आणि सोळा अक्षरांपेक्षा मोठा नसावा, असा नियम आहे. एकापेक्षा जास्त सिरीज चालतात. तेव्हा नव्या सॉफ्टवेअरला वेगळा प्रिफिक्स देऊन मोकळं व्हायचं. आणि तो नंबर गिऱ्हाइकाच्या पोर्टलवर एएसएन (माल निघाल्याची आगाऊ सूचना) करताना नीट बसतो का, हे आधीच पाहून ठेवायचं.

माझ्या मते तुमच्यासारख्या ठिकाणी 1 जून किंवा 1 जुलै बरी. पण हे तुमच्या गिऱ्हाइकावर अवलंबून आहे. ट्रॅक्टरवालं गिऱ्हाईक असेल तर दसरा-दिवाळीच्या आधी, ऑगस्ट-सप्टेंबरात शेड्यूल चढतं. त्या तोंडावर लाइव्ह जाऊ नका. पंपवाले असतील तर हंगाम वेगळा. मागच्या दोन वर्षांचं महिनावार डिस्पॅच टनांत काढा, सगळ्यात उतरतीचा महिना आपोआप दिसेल. अमेरिकेतल्या हर्शी या चॉकलेट कंपनीचं उदाहरण आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत असतं. 1999 मध्ये त्यांचं गो-लाइव्ह एप्रिलवरून जुलैवर गेलं, म्हणजे नेमकं हॅलोविनच्या ऑर्डरी सुरू होतात त्या वेळेवर. चॉकलेट गोदामात होतं, पण सुमारे 10 कोटी डॉलरच्या ऑर्डरी वेळेत पोचवता आल्या नाहीत.

आता मास्टर डेटा. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण प्रोजेक्ट लांबतात ते इथे. तुमच्या स्टोअरच्या एक्सेलमध्ये 'बेअरिंग 6205 झेडझेड', 'बेअरिंग 6205-2झेड' आणि 'बेअरिंग 6205 2आरएस' अशा तीन ओळी सापडतील. पहिल्या दोन एकच आहेत, दोन्ही बाजूंना पत्र्याची शील्ड. मेकप्रमाणे लिहायची पद्धत वेगळी एवढंच. तिसरं वेगळं, त्याला रबर सील. सॉफ्टवेअरला डुप्लिकेट शोधायला लावलं तर ते तिन्ही एक करेल किंवा तिन्ही वेगळी ठेवेल. नवीन पोराला विचारलं तर तो इंटरनेटवर बघेल. काकांना विचारलं तर ते म्हणतील, "पहिली दोन एकच घ्या. तिसरं कूलंट उडतं त्या मशीनला लागतं, ते हलवू नका. आणि त्याखाली ते चौथं दिसतंय ना, ते ज्या मशीनचं होतं ते मशीनच विकलंय." मशीन विकल्याची ही गोष्ट कुठल्याच फाइलमध्ये नसते. म्हणून मास्टरला काका पाहिजेत.

पहिल्या दिवशीच सगळे आयटम घेऊ नका. गेल्या 24 महिन्यांत ज्याची हालचाल झाली किंवा ज्याचा आज स्टॉक आहे, तेवढेच घ्या. बाकीचे लागतील तेव्हा उघडता येतात.

तुमच्या फाउंड्रीत याहून किचकट गोष्ट म्हणजे युनिट. भट्टी किलो समजते, मशीन शॉप नग समजतं, गिऱ्हाईक कधी नगावर पैसे देतं तर कधी किलोवर. प्रत्येक कास्टिंगला स्टँडर्ड वजन द्यावं लागतं, आणि ते वजन स्थिर राहत नाही. साचा बनवायचा पॅटर्न जुना झाला, आतल्या पोकळीचा कोअर बॉक्स झिजला की ते हलतं. नगाला दोनशे ग्रॅमचा फरक धरला तर महिन्याला दहा हजार नगांमागे दोन टन कागदावर हरवतात किंवा उगवतात. मग महिनाअखेरीला अकाउंट्स आणि फाउंड्री एकमेकांवर ओरडतात. स्टँडर्ड वजन कोण बदलणार, किती दिवसांनी बदलणार, हे ब्लूप्रिंटमध्ये (सिस्टिम कशी चालणार ते ठरवणारा कागद) लिहून सही घ्या. मी शक्यतो हे क्वालिटीकडे देतो, प्रॉडक्शनकडे नाही.

त्याच्याच पुढचा प्रश्न फाउंड्री रिटर्नचा. रनर, रायझर (ओतताना कास्टिंगला चिकटून राहणारा जादा धातू), रिजेक्ट कास्टिंग परत भट्टीत जातं. सॉफ्टवेअर विचारेल, याची किंमत काय धरू? शून्य धरली तर पहिल्या हीटचं (हीट म्हणजे भट्टीची एक खेप) कास्टिंग महाग आणि दुसऱ्याचं स्वस्त दिसतं. वितळवण्याचा पूर्ण खर्च धरला तर खर्च गोल गोल फिरून फुगतो. मी बाजारातल्या स्क्रॅपच्या जवळचा एक ठरावीक दर धरतो आणि तो तीन महिन्यांनी बदलतो. तुमचे कॉस्ट अकाउंटंट दुसरं काही म्हणतील, तेही बरोबर असू शकतं. पण निर्णय डिसेंबरात झाला पाहिजे, मार्चमध्ये नाही. जर्मनीतल्या लिडल या दुकानांच्या साखळीनं 2011 मध्ये एसएपी या ईआरपी पॅकेजचं काम सुरू केलं आणि 2018 मध्ये ते सोडून दिलं. तोवर सुमारे 50 कोटी युरो गेल्याचं छापून आलं. मुळाशी असलेल्या कारणांतलं एक अगदी असलंच: ते साठ्याची किंमत खरेदीच्या दरानं धरत, पॅकेजची मूळ पद्धत विक्रीच्या दराची. आपली पद्धत सोडायची नाही म्हणून त्यांनी पॅकेज वाकवत नेलं. तुमचा आकडा लहान असेल, पण पॅकेज वाकवायचं की आपण वाकायचं हा प्रश्न तुमच्याही टेबलावर येणार. माझा नियम साधा आहे. कायद्यासाठी किंवा गिऱ्हाइकाच्या अटीसाठी लागतं ते वाकवून घ्या. "आमच्याकडे असंच चालतं" एवढंच कारण असेल तर एक वर्ष थांबा.

प्लॅन नीट चाललाय की नाही हे कसं ओळखायचं, हा तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. व्हेंडरचा टक्केवारीचा रिपोर्ट मी बघतच नाही. मी एक दिवस निवडतो, समजा मागचा मंगळवार. त्या दिवशीचा गेटचा रजिस्टर, सगळे जीआरएन, सगळ्या हीट, शिफ्टचे प्रॉडक्शन रिपोर्ट, रिजेक्शन, जॉबवर्कची चलनं, बिलं, आलेले-गेलेले पैसे, सगळ्याची एक फाइल करतो. मग टेस्ट सिस्टिममध्ये तुमच्याच माणसांनी तो अख्खा मंगळवार पुन्हा घडवायचा. कन्सल्टंटनं मागे उभं राहायचं, माऊसला हात लावायचा नाही.

पहिल्या फेरीत दुपारपर्यंतसुद्धा पोचत नाहीत, हे ठरलेलं. कुठे अडलं ते लिहायचं. साधारण असं अडतं: ट्रकमधून आलेला पिग आयर्न (कच्चं लोखंड) वजनकाट्यावर चलनापेक्षा कमी भरला, आता जीआरएन कितीचा करायचा? गिऱ्हाइकानं परत पाठवलेली दहा कास्टिंग कुठल्या स्टॉकमध्ये घ्यायची? पीओ (खरेदीची ऑर्डर) नसताना मालकांनी फोनवर मागवलेला माल आत कसा घ्यायचा? डेमोत असलं काही येत नाही, तिथे सगळा माल बरोबर वजनाचा येतो. तीन आठवड्यांनी दुसरी फेरी, वेगळ्या दिवसाची. दुसऱ्या फेरीत तो दिवस संध्याकाळपर्यंत पुरा झाला आणि दिवसअखेरचा स्टॉक जुन्या एक्सेलशी जुळला, तरच गो-लाइव्हची तारीख जाहीर करायची. त्याआधी बोर्डावर लिहायची ती तारीख पेन्सिलनं.

इथवरचं एकत्र करतो: आधी माणसांचे तास, मग किलो-नगासारखे निर्णय, मग मंगळवारची फेरी, आणि त्यातून तारीख. तुमच्याकडे आत्ता हे उलट्या क्रमानं चाललंय.

स्टॉक मोजणीबद्दल माझीच एक चूक सांगतो. एका फाउंड्रीत आम्ही रात्रभर मोजणी केली, टॅग लावले, दोन टीम, दोनदा मोजलं. सकाळी आकडे चढवले तर कास्टिंग दोन टनांनी जास्त. चार तास शोधलं. शेवटी हेल्परनं विचारलं, "सर, बिनचं वजन वजा केलं का?" साठेक लोखंडी बिन, प्रत्येक पस्तीस किलोच्या आसपास. दोन्ही टीमनी बिनसकट वजन केलं होतं, म्हणून दोन्ही मोजण्या एकमेकींशी छान जुळल्या होत्या. त्यानंतर मी आधीच्या आठवड्यात प्रत्येक बिनवर त्याचं वजन ऑइल पेंटनं लिहून घेतो.

मोजणीच्या दिवशी भट्टी बंद, गेट बंद. आधी येऊन पडलेल्या मालाचे जीआरएन आदल्या संध्याकाळी संपवायचे. बाहेर जॉबवर्कला गेलेला माल विसरू नका, तो तुमच्या आवारात नसला तरी तुमचाच आहे. आणि उघडी चलनं नव्या सिस्टिममध्ये चढवताना मूळ तारीख टाका. घाईत सगळ्यांना गो-लाइव्हची तारीख टाकली जाते, हे मी अनेकदा पाहिलंय. जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल वर्षाच्या आत परत आला नाही तर तो पाठवला त्या दिवशीच पुरवठा झाला असं जीएसटी कायदा धरतो. तारीख बदलली की ते घड्याळ चुकीचं पळायला लागतं. तुमचा टर्नओव्हर पाच कोटींच्या वर असणार, म्हणजे आयटीसी-04 (जॉबवर्कला गेलेल्या मालाचं विवरणपत्र) सहा महिन्यांनी. ऑक्टोबर ते मार्चचं 25 एप्रिलपर्यंत जायचं असतं. 1 एप्रिल नको म्हणण्याला हेही एक कारण.

ई-इनव्हॉइसचं वेगळं सांगतो. 1 ऑगस्ट 2023 पासून पाच कोटींवरच्या तुमच्यासारख्या कारखान्यांना तो लागू आहे, त्यामुळे आयआरएन (सरकारी पोर्टलवरून बिलाला मिळणारा नंबर) आल्याशिवाय बिल वैध नाही आणि बिल नाही म्हणजे गाडी गेटवर उभी. ईआरपीचं आयआरएनच्या पोर्टलशी जोडणं सँडबॉक्सवर (चाचणीच्या पोर्टलवर) महिनाभर आधी चालवून बघा. पहिल्या दिवशी जोडणी बसलीच नाही तर सरकारी पोर्टलवर बल्क टूलनं फाइल चढवून आयआरएन काढता येतो. तो मार्ग डिस्पॅचवाल्यानं आधी दोनदा करून पाहिलेला असावा. सकाळी सातला गाडी भरून उभी असताना शिकायची ती गोष्ट नाही. आणि कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असेल तर 1 एप्रिल 2023 पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बंद न करता येणारा एडिट लॉग (प्रत्येक बदलाची नोंद) लागतो. व्हेंडरला हे लेखी विचारा, ऑडिटर विचारतीलच.

सगळे मॉड्यूल एकदम घ्यायचे का? खरेदी, स्टोअर, विक्री आणि अकाउंट्स एकत्रच जावेत, कारण जीआरएन झाला की खातं हलतं. त्यांना तोडलंत तर मधे कुणीतरी रोज एक्सेलमधून आकडे चढवत बसेल. प्रॉडक्शन पहिल्या दिवसापासून घ्या, पण शिफ्टअखेर ऑपरेशनवार नग आणि रिजेक्शन एवढंच. तुम्ही पीपीसीतले, तुम्हाला एमआरपीची (कुठला माल कधी, किती लागेल ते काढणारा भाग) घाई असेल, मलाही असायची. पण स्टॉक चुकीचा असताना एमआरपी चालवली तर ती मोठ्या आत्मविश्वासानं चुकीच्या खरेद्या सुचवते आणि लोकांचा विश्वास पहिल्याच महिन्यात उडतो. तीन महिनाअखेरी स्टॉक जुळू दे, मग चालू करा. मेंटेनन्स, टूल रूम त्याच्याही नंतर.

जुनं-नवं दोन महिने बरोबर चालवा असा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. पगारासाठी मी तो पाळतो, कारण पगार चुकला तर दुसऱ्या दिवशी शॉप बंद पडतं. स्टोअरसाठी पाळत नाही. प्रत्येक जीआरएन दोनदा मारायला लावलंत तर काका जुन्यात नीट करतात आणि नव्यात उरकतात. महिन्याभरात "नवीन सिस्टिममध्ये स्टॉक चुकतो" हे सिद्ध होऊन बसतं. जुनं एक्सेल गो-लाइव्हच्या सकाळी सगळ्यांसाठी रीड-ओन्ली करून टाका.

व्हेंडर ठरलाय म्हणता, पण पैशांचे हप्ते अजून बोलण्यात असतील तर दोन गोष्टी घालून घ्या. बदलाच्या कामाचा दिवसाचा दर आत्ताच ठरवा, नंतर तो त्यांच्या हातात जातो. आणि शेवटचा हप्ता गो-लाइव्हला बांधू नका, कारण त्या दिवशी काहीही चालू असल्यासारखं दिसतं. पहिल्या महिनाअखेरीला कन्सल्टंट तुमच्या आवारात, अकाउंटंटच्या शेजारी बसलेला हवा. पुढच्या महिन्याच्या 11 तारखेला जीएसटीआर-1 जातं. पहिल्या खेपेला ते रडतखडत, दोन-चार बिलं हातानं दुरुस्त करून जाईल, ते चालतं. दुसऱ्या महिन्याचं नव्या सॉफ्टवेअरमधून कुणी हात न लावता गेलं की हप्ता सोडा.